पाय रोवून उभी अक्षरं

रॉकवेल या टाइपातला कॅपिटल ए हातभर उंच छापून भिंतीवर लावला, की पाहणाऱ्याची नजर आधी त्याच्या डोक्यावर जाते. दोन तिरके दांडे वर जिथे भेटतात तिथे एक आडवी पट्टी बसवलेली आहे, रंगाऱ्याच्या घोड्यावर फळी टाकावी तशी. खाली दोन्ही पायांनाही तशाच जाड, सपाट पट्ट्या. शेजारी ओ ठेवला, तर तो जवळजवळ शुद्ध वर्तुळ. कंपासचं टोक मधोमध रोवून काढल्यासारखा. ए पाहताना गवंडीकाम आठवतं आणि ओ पाहताना भूमितीची वही. तरीही ही दोन्ही अक्षरं सख्खी भावंडं आहेत, हे पाहताक्षणी कळतं.

रोमन अक्षरांच्या दांड्यांना टोकाशी जी छोटी आडवी रेघ असते तिला सेरिफ म्हणतात. टाइम्स न्यू रोमनमध्ये ती बारीक असते आणि दांड्यातून हळूच वळून बाहेर येते. हेल्व्हेटिकामध्ये ती नसतेच. या दोन्हींहून निराळं असं एक तिसरं घराणं आहे. त्यात ही रेघ दांड्याइतकीच जाड होते, वळण न घेता सरळ काटकोनात चिकटते आणि अक्षराला ठोकळ्यासारखे पाय फुटतात. हे स्लॅब सेरिफ. त्यातही ज्यांची रचना वर्तुळ, सरळ रेघ आणि सगळीकडे सारखी जाडी यांवर बेतलेली आहे, ती भौमितिक स्लॅब. मेम्फिस, बेटॉन, सिटी, स्टायमी, कार्नाक, रॉकवेल ही त्यांतली ठळक नावं. १९२९ ते १९३४ या पाच-सहा वर्षांतच ती सगळी बाजारात आली, आणि आजही दुकानाची पाटी, सिनेमाची श्रेयनामावली किंवा संगणक कंपनीचं बोधचिन्ह पाहताना त्यांची किंवा त्यांच्या वंशजांची गाठ पडतेच.

मराठी डोळ्याला या अक्षरांचं अप्रूप वाटायला एक खास कारण आहे. आपली अक्षरं वरच्या रेघेला धरून असतात. शिरोरेषा हा त्यांचा आधार. त्याखाली ती मोकळी असतात, आणि म्हणून उकार, ऋकार, पायमोडका हलन्त यांना खाली जागा मिळते. स्लॅब सेरिफचा सगळा भार याच्या नेमका उलट, जमिनीवर. प्रत्येक अक्षर आपापले पाय रोवून उभं आणि शेजाऱ्याशी त्याचं नातं पायाशी जुळलेलं. या पायांची गोष्ट सुरू होते लंडनच्या भिंतींवर.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत छापखान्यातला खिळा म्हणजे मुख्यतः पुस्तकाचा खिळा. तो हातभर अंतरावरून वाचला जाणार, ही त्याची अटच होती. मग लंडनमध्ये जाहिरातींचा पूर आला. नाटकं, लिलाव, औषधं आणि सगळ्यांत मोठ्या आवाजात सरकारी लॉटरी. १८२६ साली ब्रिटनमधली सरकारी लॉटरी बंद झाली. तोवर तिकिटं विकणाऱ्या दलालांनी शहराच्या भिंती पत्रकांनी मढवून टाकल्या होत्या. रस्त्याच्या पलीकडून, चालता चालता, धुक्यातून वाचता येईल असं अक्षर त्यांना हवं होतं. खिळे ओतणाऱ्यांनी आधी सोपा उपाय केला. पुस्तकातल्याच अक्षराचे जाड भाग अफाट जाड केले आणि बारीक रेघा केसासारख्या बारीक ठेवल्या. जवळून ते देखणं दिसायचं. पण लांबून बारीक रेघा गायब व्हायच्या आणि छपाईच्या दाबाखाली त्या तुटायच्याही.

तेव्हा कुणीतरी बारीक रेघही जाड करून टाकली. छापील पुरावा सापडतो तो व्हिन्सेंट फिगिन्स या लंडनच्या खिळे ओतणाऱ्याच्या नमुनापुस्तकात, १८१५ ते १८१७ च्या सुमारास. त्याने या टाइपाला ‘अँटिक’ असं नाव दिलं होतं. जाड दांडा, जाड पाय, मध्ये कुठेही वळण नाही. ही अक्षरं सुबक नव्हती, धसमुसळी होती. मात्र भिंतीवर लावल्यावर ती ऐकू यायची.

‘इजिप्शियन’ हे नाव त्यांना नंतर चिकटलं, आणि त्या नावाचा प्रवासही वाकडातिकडा आहे. १८१६ मध्ये विल्यम कॅझलन चौथा याने ‘इजिप्शियन’ नावाने जो टाइप दाखवला त्याला पायच नव्हते; तो छापील रोमनमधला पहिला सॅन्स सेरिफ मानला जातो. पुढे रॉबर्ट थॉर्न या कारागिराने आपल्या जाड पायांच्या टाइपाला तेच नाव दिलं आणि ते त्यालाच लागू पडलं. नेपोलियनची इजिप्तवरची स्वारी १७९८ ते १८०१ मधली. रोझेटा शिळा १७९९ मध्ये सापडली आणि १८०२ पासून ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. फर्निचरपासून बाहुल्यांपर्यंत सगळ्यात इजिप्त शिरला होता, तसा तो टाइपाच्या नावातही शिरला. चित्रलिपीशी या अक्षरांचा काडीचाही संबंध नाही.

थॉर्न १८२० साली वारला. त्याचा कारखाना विल्यम थॉरोगुड याने लिलावात घेतला आणि त्यासाठीचा पैसा त्याला लॉटरीत मिळाला होता, असं छपाईच्या इतिहासात सांगितलं जातं. ज्या लॉटरीच्या ओरडण्यासाठी ही जाड अक्षरं घडली, तिच्याच बक्षिसावर त्यांचा कारखाना पुढे चालला, अशी ही हकीकत. याच कारखान्यातून १८४५ मध्ये क्लॅरेंडन निघाला. त्यात पाय जाडच राहिले, पण दांड्याशी जुळताना त्यांना किंचित गोलाई मिळाली. ठसे कोरले होते बेंजामिन फॉक्स याने. मालक होता रॉबर्ट बेस्ली, जो पुढे लंडनचा लॉर्ड मेयर झाला. बेस्लीने क्लॅरेंडनची नव्या कायद्याखाली नोंदणी केली. संरक्षण होतं तीन वर्षांचं. ती मुदत संपताच इतर कारखान्यांनी त्याच्या नकला बाजारात आणल्या. टाइपाच्या आकारावर हक्क कुणाचा, हा आजही न सुटलेला वाद तेव्हापासूनचा आहे.

पुढचं दालन अमेरिकेतलं, आणि ते लाकडी. वीतभर उंचीचा खिळा शिशात ओतायचा तर तो जड होतो, थंड होताना त्याचा पृष्ठभाग खचतो, आणि वाहतूक परवडत नाही. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्सने १८२७ मध्ये फिरत्या पात्याचं यंत्र वापरून लाकडी खिळे मोठ्या प्रमाणावर कोरायला सुरुवात केली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने त्याला पँटोग्राफची जोड दिली. आता एकाच आराखड्यावरून अक्षर हवं तेवढं मोठं, अरुंद किंवा पसरट करता येऊ लागलं. स्लॅबचे जाड पाय लाकडाला मानवले, कारण बारीक सेरिफ टवका उडून जायचे आणि हे टिकायचे. काऊबॉयच्या सिनेमांत ‘वाँटेड’च्या पत्रकांवर दिसणारी अक्षरं याच कुळातली. विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स गावी हॅमिल्टन कंपनीने १८८० पासून असे खिळे बनवले. तिथे आता लाकडी खिळ्यांचं संग्रहालय आहे आणि छपाईही चालू असते.

शतक संपता संपता या अक्षरांवर धूळ बसली. ती सर्कशीची आणि लिलावाची वाटू लागली. मग जर्मनीत वारं फिरलं.

१९२७ मध्ये पॉल रेनरचा फ्युचुरा आला. कंपास आणि पट्टीच्या जोरावर उभा केलेला, पाय नसलेला, नव्या काळाचा टाइप. त्याला इतकी मागणी आली की प्रत्येक कारखान्याला भौमितिक काहीतरी हवं झालं. फ्रँकफुर्टच्या स्टेम्पेल कारखान्यासाठी रुडॉल्फ वोल्फने १९२९ मध्ये मेम्फिस केला. कल्पना साधी होती. फ्युचुरासारखा सांगाडा घ्यायचा आणि त्याला शंभर वर्षांपूर्वीचे ते जाड पाय लावायचे. नाव मात्र पुन्हा इजिप्तमधलंच, नाईल काठच्या प्राचीन राजधानीचं. १९२२ च्या नोव्हेंबरमध्ये हॉवर्ड कार्टरला तुतनखामेनची कबर सापडली होती आणि इजिप्तचं वेड पुन्हा अंगात आलं होतं. मेम्फिसच्या मागोमाग अमेरिकेत कार्नाक आणि कैरो आले. गेओर्ग ट्रुंपचा सिटी चौकोनी वळणांचा. हाइनरिश योस्टच्या टाइपाचं नाव बेटॉन, म्हणजे जर्मनमध्ये काँक्रीट. आणि सगळ्या नावांत तेच सर्वांत खरं आहे. ही अक्षरं पिरॅमिडच्या काळची नव्हतीच. ती पोलादी तुळयांच्या आणि ओतीव काँक्रीटच्या काळची होती.

रॉकवेलचं घराणं आणखी गुंतागुंतीचं आहे. अमेरिकेतल्या इनलँड कारखान्याचा १९१० च्या सुमाराचा ‘लिथो अँटिक’ हा त्याचा पूर्वज. तो पुढे अमेरिकन टाइप फाउंडर्सने ‘रॉकवेल अँटिक’ या नावाने पुन्हा काढला. त्यावर मॉरिस फुलर बेंटनने हात फिरवला आणि १९३१ मध्ये स्टायमी झाला. इंग्लंडमधल्या मोनोटाइपने १९३४ मध्ये आपला रॉकवेल आणला. नावं आणि चेहरे एकमेकांत इतके मिसळले की छापखान्यातली मुरलेली माणसंही स्टायमीला रॉकवेल म्हणत आणि रॉकवेलला स्टायमी.

मोनोटाइपचा कारखाना सरे परगण्यातल्या सॅलफर्ड्सला होता. तिथल्या कामावर देखरेख होती फ्रँक हिनमन पियरपाँट या अमेरिकी अभियंत्याची. तो १८९९ पासून तिथे होता. रॉकवेल कुणा एका कलावंताच्या नावावर नाही. तो कारखान्याच्या आरेखन कक्षात झाला. तिथे प्रत्येक अक्षर सुमारे १० इंच उंचीवर पेन्सिलने काढलं जाई, तपासलं जाई, पुन्हा काढलं जाई आणि मग पँटोग्राफच्या साहाय्याने ते पोलादी ठशावर उतरे. या कक्षात बायका मोठ्या संख्येने काम करत. वळणांची शेवटची नजर त्यांची होती, पण टाइपांच्या इतिहासात त्यांची नावं आली नाहीत. अलीकडे रेडिंग विद्यापीठात फियोना रॉस यांच्या पुढाकाराने या स्त्रियांच्या कामाचा शोध घेतला गेला. छपाईच्या इतिहासातलं हे फार उशिरा फेडलेलं ऋण आहे.

त्या कक्षात नेमकं काय होत असे, हे समजून घेतलं की ‘भौमितिक’ या शब्दाचा अर्थच बदलतो.

कंपासने वर्तुळ काढा आणि त्याला सगळीकडे सारख्या जाडीची कड द्या. गणिताने ते निर्दोष आहे. डोळ्याला मात्र वरचा आणि खालचा भाग जाड वाटतो, कारण माणसाच्या नजरेला आडवी रेघ तेवढ्याच जाडीच्या उभ्या रेघेपेक्षा जाड दिसते. मग आडवे भाग किंचित बारीक करावे लागतात. तोच नियम पायांना. दांडा आणि पाय सारखे दिसावेत म्हणून पाय प्रत्यक्षात थोडे बारीक ठेवावे लागतात. ओ हा एच इतकाच उंच ठेवला तर तो बुटका दिसतो. म्हणून त्याला ओळीच्या वर आणि खाली जरासा बाहेर काढतात. एनची कमान दांड्याला जिथे चिकटते तिथे दोन जाडी एकत्र येऊन काळा डाग पडतो. तिथे कमान निमुळती करतात. छपाईत शाई पसरते, त्यामुळे हा डाग कागदावर आणखी वाढतो. आणि ठळक वजनातला स्मॉल ई तर कसोटीच पाहतो. एवढ्याशा उंचीत तीन आडव्या पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये दोन पोकळ्या मावायला हव्यात. पट्ट्या जाड ठेवल्या तर पोकळ्या बुजतात आणि बारीक केल्या तर ठळकपणा जातो.

म्हणजे कंपासने काढल्यासारखं दिसणारं अक्षर कंपासची आज्ञा जागोजागी मोडूनच तयार झालेलं असतं. ही मोडतोड जितकी लपलेली, तितकं अक्षर शुद्ध वाटतं.

रॉकवेलमधला स्मॉल ए हा असाच एक निर्णय. फ्युचुरात स्मॉल ए म्हणजे वर्तुळ आणि शेजारी दांडा, एवढंच. भूमितीच्या हट्टाला तेच शोभलं असतं. पण रॉकवेलचा ए दुमजली आहे, पुस्तकातल्यासारखा, वर छोटी टोपी आणि खाली पोट. काटेकोर रचनाकारांना तो त्या कुटुंबात परका वाटतो. त्यांचं म्हणणं खोटं नाही, पण सॅलफर्ड्सच्या माणसांनी वाचणाऱ्याचा विचार केला, असंच म्हणावं लागतं. एकमजली ए, ओ आणि डी लांबून एकमेकांत मिसळतात. दुमजली ए मिसळत नाही. चाळीस वर्षांनी, १९७४ मध्ये, न्यूयॉर्कच्या हर्ब लुबालिनने आपल्याच अवाँ गार्ड गॉथिकला पाय लावून लुबालिन ग्राफ केला, तेव्हा त्याने एकमजली ए ठेवला. मोठ्या मथळ्यात तो झोकात दिसतो. परिच्छेदात गोलच गोल होतात आणि डोळा घसरतो.

पायांची मांडणी हाही एक हिशेब आहे. स्मॉल एमला तीन दांडे. तिन्हींना दोन्ही बाजूंनी पूर्ण पाय दिले तर मधले पाय एकमेकांवर चढतात. म्हणून आतले पाय आखूड करावे लागतात. उलट स्मॉल आय आणि एल ही काटकुळी अक्षरं पायांमुळेच अंग धरतात. टंकलेखन यंत्रात तर हा जीवनमरणाचा प्रश्न होता. तिथे प्रत्येक अक्षराला एकाच रुंदीची जागा मिळते, आयलाही आणि एमलाही. आयच्या दोन्ही बाजूंना भली मोठी भोकं पडू नयेत म्हणून त्याला लांब पाय दिले गेले. आयबीएमसाठी हॉवर्ड केटलरने १९५५ च्या सुमारास केलेला कुरियर हा याच गरजेतून आलेला स्लॅब आहे. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची पत्रं २००४ पर्यंत कुरियरमध्ये निघत. हॉलिवूडची पटकथा आजही १२ पॉइंटच्या कुरियरमध्येच टंकतात, कारण त्या मापाने एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ठोकताळा बसलेला आहे.

आयबीएमचंच नाव पुन्हा घ्यावं लागतं, कारण भौमितिक स्लॅबचा सगळ्यांत जास्त पाहिला गेलेला नमुना त्यांचाच आहे. १९४७ मध्ये कंपनीने आपलं जुनं गोलाकार चिन्ह बाजूला ठेवून तीन अक्षरं स्वीकारली, ती बेटॉन बोल्डमध्ये. १९५६ मध्ये रचनाकार पॉल रँडने ती नव्याने घडवली. आधार घेतला ट्रुंपच्या सिटीचा. बी मधल्या पोकळ्या चौकोनी, एमचे पाय ऐसपैस. या तीन अक्षरांची मुळातली अडचण रुंदीची. आय म्हणजे नुसती काठी, बी मध्यम, एम सर्वांत रुंद. पाय नसलेल्या टाइपात आय बिचारा हरवलाच असता. जाड पायांनी त्याला रुंदी दिली, आणि तो बाकी दोघांच्या शेजारी बरोबरीने उभा राहिला. तरीही चिन्ह उजवीकडे कललेलं वाटायचं. मग रँडने तिन्ही अक्षरं आडव्या पट्ट्यांत कापली आणि १९७२ पासून आठ पट्ट्यांची आवृत्ती रूढ झाली. एकाच लयीच्या पट्ट्या तिन्ही अक्षरांतून आरपार गेल्यामुळे ती एका सूत्रात बांधली गेली. लंडनच्या लॉटरीवाल्याचे पाय दीडशे वर्षांनी संगणकाच्या पाठीवर येऊन बसले, आणि तिथे त्यांचा अर्थ झाला नेमकेपणा, भरवसा, अभियांत्रिकी.

एकाच घराण्याची दोन टोकं इथे दिसतात. पाय जाड आणि वळणं ढोबळ ठेवली की हाक मारणारा आवाज येतो. वर्तुळं स्वच्छ आणि जाडी संयत ठेवली की आराखड्याची शिस्त येते. चांगला रचनाकार या दोन्हींमधली नेमकी जागा शोधतो. लंडनच्या डॉकलँड्स लाइट रेल्वेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात आणि पुढची काही वर्षं आपल्या पाट्यांसाठी ठळक रॉकवेल वापरला. जुन्या गोद्यांच्या जागी नवं शहर उभं राहत होतं, चालकाविना धावणाऱ्या गाड्या नव्या होत्या, आणि अक्षरात गोदीचा धटिंगणपणाही हवा होता, यंत्राची अचूकताही. गिनेस बुकनेही २००० च्या दशकाच्या सुरुवातीला काही आवृत्त्यांसाठी रॉकवेल निवडला. जगातला सर्वांत उंच, सर्वांत जड, सर्वांत वेगवान असं सांगणाऱ्या पुस्तकाला तो शोभतोच.

याच पायांतून हळुवार स्वरही काढता येतो, हे दाखवलं आर्चर या टाइपाने. २००१ मध्ये हॉफलर आणि फ्रीअर-जोन्स यांनी मार्था स्टुअर्टच्या घरसंसाराच्या मासिकासाठी तो केला. २००८ मध्ये तो सर्वांना खुला झाला. सांगाडा भौमितिक स्लॅबचाच. पण स्मॉल ए, सी, एफ अशा अक्षरांच्या टोकांना त्यांनी बारीक गोळे लावले, मण्यासारखे. तेवढ्या बदलाने काँक्रीटची भिंत बरणीवरची चिठ्ठी झाली. वेस अँडरसनच्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’ या २०१४ च्या चित्रपटात शब्दांसाठी आर्चर वापरला आहे, आणि गुलाबी इमारतीच्या त्या जगात तो अगदी घरचा वाटतो.

या अक्षरांची मर्यादाही मोठी आहे आणि ती सांगायलाच हवी. भौमितिक स्लॅब हा मथळ्याचा टाइप आहे. दोन शब्द, एक ओळ, फार तर चार ओळी. लांबलचक मजकूर त्यात लावला की पायांची रांग प्रत्येक ओळीखाली आणखी एक रेघ ओढते. सगळीकडे सारखी जाडी असल्याने नजरेला चढउतार मिळत नाही. अक्षरं फार जवळ आणली तर पाय एकमेकांवर आदळतात, फार लांब नेली तर शब्द तुटतो. स्लॅबमध्ये पुस्तक वाचता येतं. पीटर माथियास नोर्ड्झेयचा १९९० मधला सेसिलिया किंडलवर लाखोंनी वाचलाच आहे. पण सेसिलियाला पाय असले तरी त्याच्या वळणात लेखणीची आठवण आहे, कंपासची नाही. म्हणून तो ३०० पानं सोबत करतो. रॉकवेलला तेवढं चालायला लावू नये.

आता मराठी रचनाकाराच्या टेबलाशी यावं लागतं, कारण रॉकवेल मायक्रोसॉफ्ट ऑफिसबरोबर असंख्य संगणकांवर आलेला आहे. पाटी दोन लिप्यांत करायची असते. वर रॉकवेलमध्ये इंग्रजी नाव रुबाबात उभं राहतं. खाली मराठी नावाला जोडीदार शोधायचा. पहिला मोह होतो तो देवनागरीलाही पाय लावण्याचा.

तो करून पाहिला की अडचण हाताला लागते. ‘क’चा उभा दांडा घ्या आणि खाली दोन्ही बाजूंना जाड पट्टी बसवा. आता त्याला उकार द्या. ‘कु’चा उकार दांड्याच्या तळाशीच लटकतो, पट्टी आणि उकार एकमेकांत घुसतात. पाय मोडून ‘क्’ करा, तर हलन्ताची तिरपी रेघ पट्टीखाली अडगळीत पडते. ‘कृ’ तर वाचवतच नाही. काना म्हणजे नुसता दांडा. त्याला पाय लावला की ‘काका’ या शब्दात चार उलटे टी उभे राहिल्यासारखे दिसतात. शिवाय वर शिरोरेषा आहेच. वर आडवी रेघ, खाली आडवी रेघ, मध्ये अक्षर कोंडलेलं. रोमनमध्ये ज्या पायांनी अक्षराला बळ दिलं तेच इथे गळ्यात येतात. देवनागरीला स्थैर्य द्यायला शिरोरेषा आधीपासून बसलेली आहे, आणि ती शब्दभर अखंड जाते, ठोकळ्याठोकळ्यांनी तुटत नाही.

मुंबईचे अक्षररचनाकार कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी आयुष्यभर अक्षरं काढली, त्यात धारदार, थरथरती, बोजड, रांगडी अशी सगळी अक्षरं होती. मोठ्या मथळ्यासाठी देवनागरी खिळ्यांची निवडच तोकडी होती, म्हणून प्रत्येक नाटकाचं नाव हाताने घडवावं लागे. त्यामुळे मराठीत मथळ्याच्या अक्षराचा खरा इतिहास खिळ्यांच्या पेट्यांपेक्षा कुंचल्यात जास्त सापडतो. बापूराव नाईक यांचा देवनागरी मुद्राक्षरांवरचा तीन खंडांचा इंग्रजी ग्रंथ महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाने १९७१ मध्ये काढला. तो चाळला की हेही दिसतं, की लिपी यंत्रात बसवताना सगळी कसरत जोडाक्षरांची आणि मात्रांची होती. वेगवेगळ्या स्वभावाचे मथळ्याचे टाइप घडवायला सवड मिळाली ती संगणक आल्यावर.

त्या सवडीतून काही उत्तरं निघाली आहेत. इंडियन टाइप फाउंड्रीचा कर्मा हा २०१४ मधला टाइप जोआना कोरेया यांनी केला. त्यात रोमन स्लॅब आणि देवनागरी एकाच कुटुंबात आहेत. तिथे जोडी जमते ती जाडीच्या फरकातून, उंचीच्या मेळातून आणि पानावर पडणाऱ्या काळेपणातून. पाय रोमनचे रोमनकडेच राहतात. आयबीएमने २०१७ मध्ये प्लेक्स हा स्वतःचा टाइप काढला, आणि त्यात पुढे देवनागरी आली ती पाय नसलेल्या प्लेक्स सॅन्सच्या बाजूने. चांगल्या पाटीसाठीही हाच रस्ता आहे. रॉकवेलच्या खाली बसणाऱ्या देवनागरीची शिरोरेषा रॉकवेलच्या पायाइतकी जाड हवी, दांड्यांचे शेवट सपाट कापलेले हवेत, ‘ठ’ आणि ‘व’ यांचे गोल मोकळे हवेत. ‘ठ’ हा देवनागरीतला कंपासच्या सर्वांत जवळचा. रॉकवेलच्या ओशी त्याचं लगेच जमतं. दांड्याखालची जागा मात्र उकारासाठी राखून ठेवायची.

आणि एक उत्तर उलट दिशेनेही आलं. यात्रा वन हा टाइप कॅथरीन ली श्मिट यांनी केला, मुंबईच्या लोकल स्थानकांवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या पाहून. देवनागरीच्या बोरूचा काप तिरका असतो, आणि तो रोमन लेखणीच्या कापाच्या उलट दिशेला कललेला. दोन लिप्या शेजारी आणायच्या तेव्हा बहुतेक वेळा देवनागरीने रोमनसाठी आपला काप सोडला आहे. यात्रा वनमध्ये रोमन अक्षरांनीच देवनागरीचा काप घेतला. त्यातला कॅपिटल ए पाहिला तर रॉकवेलच्या एची ती डोक्यावरची फळी कुठेच नाही; दांडे बोरूने खाली ओढल्यासारखे उतरतात, आणि त्यांची टोकं दादरच्या ‘द’सारखी तिरकी कापलेली आहेत.